स्थळ कळवावे

साबणाच्या कारखान्यात कोणी घसरून पडलं तर त्याची बातमी होत नाही. महिनाभर न पडता चाललं तर होते. अशा कारखान्यात जे सुरक्षा अधिकारी होते त्यांना सगळे जपूनराव म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरी कारकुनालाही बघून सांगावं लागे.

जपूनराव जिना उतरताना कठडा धरत, आणि धरण्याआधी तो हलवून बघत. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. जपूनरावांनी पोळायची वेळच येऊ नये म्हणून दूधही कधी गरम घेतलं नव्हतं. लग्नही याच न्यायानं एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत राहून गेलं होतं. त्यांची आई म्हणे, ह्याला कोणाच्या घरी न्यावं तर हा मुलीकडे बघायच्या आधी आग लागली तर बाहेर कुठून पडायचं ते बघतो. यात अतिशयोक्ती नव्हती. एका घरात तर त्यांनी मुलीच्या वडिलांना मागच्या दारातली कपाटं हलवायला लावली होती, आणि स्वतः एक बाजू धरली होती.

तर, चार नंबरचं ठसा यंत्र. साबणाची वडी यंत्राखाली ठेवायची, पायपट्टी दाबायची, वरून ठसा येतो, वडीवर गुलाब उमटतो, वडी काढून घ्यायची. हे काम ठसेबाई करत. दिवसाला चार हजार वड्या. म्हणजे दिवसातून चार हजार वेळा उजवा हात आत आणि चार हजार वेळा बाहेर. आजवर जितक्या वेळा आत गेला तितक्या वेळा तो बाहेर आला होता. पण गेल्या अडीच महिन्यांत चार नंबरला एक खोड लागली होती. पायपट्टी एकदा दाबली की ठसा एकदाच यायला हवा. हा कधीमधी दुसऱ्यांदाही येई, कोणी बोलावलेलं नसताना, नेमका हात आत असण्याच्या सुमाराला. पुढे लोखंडी जाळी होती, पण तिच्यामुळे वेग कमी होतो म्हणून ती काढून भिंतीला टेकवली होती. तिच्यावर आता फडकी वाळत.

ठसेबाईंनी हे तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा जपूनराव स्टूल टाकून दोन तास यंत्रासमोर बसले. पाहुण्यांपुढे घरातलं कार्टं जसं शहाण्यासारखं वागतं तसं यंत्र वागलं. उत्पादनसाहेबांनी मग नियमाचं पुस्तक काढलं. यंत्र बंद करायचं तर लेखी तक्ता हवा. अपघाताच्या शक्यतेला पाचपैकी गुण, तीव्रतेला पाचपैकी गुण, दोन्हींचा गुणाकार पंधराच्या वर, आणि खाली सुरक्षा समितीच्या तिघांच्या सह्या. तोंडी धोका आम्ही धरत नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांचंही बरोबर होतं, कारण वीस हजार वड्या शुक्रवारी संध्याकाळी जायच्या होत्या आणि तो मोठा गुलाब फक्त चार नंबरच उमटवत असे.

आता कारखान्यात तक्ता नव्हता आणि समितीही नव्हती. जपूनरावांनी दोन दिवसांत तक्ते छापून घेतले, एक पेटी करवली, आणि समितीवर तिघांना नेमलं: पॅकिंगची अक्का, हजेरी कारकून आणि बॉयलरकाका. एका तक्त्यावरून मशीन बंद केलं तर ठसेबाईंवर डूख धरला जाईल, तेव्हा तक्ते सगळ्यांकडूनच यावेत असं त्यांना वाटलं. म्हणून फाटकापाशी पाटी लावायचं ठरलं. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. आपल्या पाहण्यात एखादे धोक्याचे स्थळ असल्यास सुरक्षा अधिकाऱ्यांस त्वरित लेखी कळवावे. कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाईल.

पाटी रंगवणाऱ्या पेंटरच्या घरी दोन मुली लग्नाच्या होत्या. ‘स्थळ’ या शब्दाआधी ‘धोक्याचे’ लिहायची वेळ आली तेव्हा त्याचा ब्रश अडला. कोणाच्या का होईना, स्थळाला आधीच नाट लावू नये असं त्याला वाटलं. शिवाय फळीही अपुरी पडत होती. त्यानं तो शब्द गाळला, आणि उरलेल्या जागेत, आपल्याकडून म्हणून, एक फूल काढलं.

शनिवारी सकाळी पाटी लागली. जपूनरावांनी ती समोर उभं राहून दोनदा वाचली आणि ठीक आहे म्हणाले. स्वतः लिहिलेलं माणूस वाचत नाही, आठवतो. फूल मात्र त्यांना अनावश्यक वाटलं.

त्यानंतर त्यांनी समितीची बैठक घेतली. हे भाषण आधी लिहून काढलेलं होतं, त्यामुळे त्यात संदिग्ध काही नव्हतं. “स्थळं येतील,” ते म्हणाले. “तुम्ही तिघांनी ती वाचा, गुण द्या, आणि जे खरंच लक्ष देण्यासारखं वाटेल त्यावर सह्या करून माझ्याकडे पाठवा. माझी एकच अट आहे. शुक्रवारच्या आत एकाचं तरी काम झालं पाहिजे. आता मला थांबवत नाही.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एक्केचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला शुक्रवारची घाई का, हे विचारू नये इतपत समज तिघांनाही होती. अक्कांनी फक्त डोळे पुसले.

दुपारच्या भोंग्यापर्यंत बातमी साबणाच्या वासासारखी कारखानाभर पसरली आणि तशीच कपड्यांना चिकटून घरोघर गेली. पहिला तक्ता बॉयलरकाकांनी स्वतःच भरला. आपणच समितीवर आहोत, त्यामुळे सह्यांची वाट बघण्याची गरज नाही असा अर्थ लावून त्यांनी तो थेट जपूनरावांच्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं: स्थळ घरातलेच आहे. गोदामामागची गल्ली, तळमजला, डावीकडचे दार. उंची पाच फूट चार. चौतीस वर्षे झाली, पण वाटत नाही. डोके लवकर तापते, निवतेही लवकर. मागे एकदा जमत आले होते, ऐनवेळी फिसकटले. रविवारी येऊन पाहावे.

हे वाचता वाचता जपूनरावांनी महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारल्या. चौतीस वर्षं जुनं, माणसाएवढं उंच, लवकर तापणारं, आणि राहत्या घरात. एकदा दुरुस्त करायचा प्रयत्न फसलेला. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसानं कळवलंय म्हणजे वाफेचंच काहीतरी असणार. आपण कारखान्यात धोके शोधत बसलो आणि हे लोक घरी असलं काहीतरी घेऊन झोपतात, या विचारानं ते हळहळले.

रविवारी सकाळी दहा वाजता ते डोक्यावर हेल्मेट, हातात टेप आणि विजेरी घेऊन डावीकडच्या दारात उभे राहिले. दार बॉयलरकाकांच्या बहिणीनं उघडलं. हेल्मेट बघून ती दचकली, पण माणूस गाडीवरून आला असेल असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली.

“आतच आहे ना?” जपूनरावांनी विचारलं.

“आत आहे. बोलावते की बाहेर.”

“हलवू नका,” ते हात पुढे करून म्हणाले. “मी जाऊन बघतो.”

बहीण मटकन खुर्चीवर बसली. आजवर जे बघायला आले ते सगळे बाहेरच्या खोलीत गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. जपूनरावांनी खाली बसायचं टाळलं आणि प्रश्न सुरू केले. याआधी शेवटचं कोण पाहून गेलं? ती म्हणाली, गेल्या वर्षी एकजण. काय म्हणाला? नंतर कळवतो म्हणाला. लेखी काही दिलं? अहो, लेखी कोण देतं. हेच आपल्याकडे चुकतं, जपूनराव म्हणाले, मी जे काही असेल ते जाण्याआधी लेखी देऊन जाईन. बहिणीला हा माणूस तिथल्या तिथे आवडला.

एवढ्यात तिची मुलगी, म्हणजे काकांची भाची, स्वतःच बाहेर आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि रोज चाळीस मुलांच्या चेहऱ्यांवरून कोणाला काय कळलेलं नाही हे ओळखायची. तिनं हेल्मेट बघितलं, टेप बघितली, आणि नक्की काय बघायला आलात असं सरळ विचारलं. जपूनरावांनी तक्ता पुढे केला. तिनं तो शेवटपर्यंत वाचला, ओठ घट्ट दाबून धरले, आणि न्हाणीघराकडे बोट केलं.

न्हाणीघरात गिझर होता. तोही जुनाच होता, आणि खरं सांगायचं तर भयानक होता. वायरीला चिकटपट्टी, वाफ सोडायची तोटी क्षारानं बुजलेली, खाली पत्र्याला फुगवटा. जपूनरावांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते बाहेरच्या खोलीतून बहिणीला दिसलं आणि तिनं चहात आल्याचा मोठा तुकडा टाकला. पाऊण तासानं त्यांनी लेखी अहवाल तिच्या हातात दिला, चहा निवेपर्यंत थांबले, तो प्यायले, आणि कठडा नसलेल्या दोन पायऱ्या भिंत धरून उतरून गेले.

अहवाल असा होता: आज प्रत्यक्ष पाहिले. बाहेरून ठीक वाटते, परंतु आतून भरवसा नाही. वय झाले आहे. कधी भडकेल सांगता येत नाही. लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये. माझ्या मते दुरुस्तीच्या पलीकडे असून घरात ठेवणे योग्य नाही.

भाचीनं खुलासा करायला हवा होता. पण कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच आई तिच्यावर सोडून दुसऱ्या कोणावर तरी चिडली होती, आणि हे सुख तिनं संध्याकाळपर्यंत पुरवून घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी ती पोट धरून इतकी हसत होती की सांगायला गेलेलं तिला सांगता आलं नाही.

सोमवारी बॉयलरकाका जपूनरावांशी बोलले नाहीत. वाफेचा दाब दिवसभर वरच्या बाजूला राहिला. जपूनरावांनी तो दोनदा खाली आणायला सांगितला आणि दोन्ही वेळा काकांनी झडपेकडे बघून उत्तर दिलं, की काही गोष्टी आतून भरवशाच्या नसतात. जपूनरावांनी वहीत नोंद केली: बॉयलर विभाग, धोक्याची जाण उत्तम.

मंगळवारी पेटी उघडली तेव्हा एकतीस तक्ते निघाले. मेहुण्या निघाल्या, चुलतबहिणी निघाल्या, एका हमालानं आपली सासू कळवली होती आणि शक्यता, तीव्रता दोन्ही पाच लावले होते. हा एकच माणूस मूळ मजकुराच्या जवळ पोचला होता, पण त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. समिती कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून एकेक तक्ता वाचत होती. बत्तिसावा तक्ता थोडा उशिरा आला, आणि तो अक्कांनी उघडला.

ठसेबाईंनी पाटी वाचली होती. शब्द गळलाय हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण जिथे जाळी गाळतात तिथे शब्दाचं काय घेऊन बसायचं, असं म्हणून त्यांनी तक्ता भरला होता. त्या आपल्या बहिणीच्या घरी वरच्या खोलीत एकट्या राहायच्या, सदतीस वर्षांच्या होत्या, आणि तीनदा सांगूनही न ऐकणाऱ्यांना चौथ्यांदा सांगताना माणूस जरा तिरकस लिहितो. त्यांनी लिहिलं होतं: ठसा विभाग, चार नंबर. तीनदा बोलून पाहिले, कोणी मनावर घेत नाही. एक दिवस हात मागणार, हे नक्की. उजवा हात, आणि माझाच. शक्यता चार. तीव्रता पाच. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

अक्कांनी तो तक्ता छातीशी धरला. “तीनदा बोलून पाहिलं म्हणते, आणि ह्या दगडाला कळलं नाही.”

हजेरी कारकुनानं गुणाकार केला. वीस आले. एवढे गुण आपल्याला सातवीत गणितालाही पडले नव्हते, असं तो आदरानं म्हणाला आणि त्यानं सही केली. अक्कांनी केली. बॉयलरकाकांनी पेन खाली ठेवलं. ज्या माणसानं माझ्या भाचीला दुरुस्तीच्या पलीकडे म्हटलं त्याचा संसार मी मांडून देणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता गंमत अशी, की या एका सहीवर ठसेबाईंचा हात लटकलेला होता आणि ते टेबलाभोवतीच्या तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन सह्यांनी यंत्र थांबत नव्हतं. अक्कांनी काकांना समजावलं, चुचकारलं, मग दटावलं. तुमच्या भाचीला त्यानं नाकारलं ते बरंच झालं, असला नवरा तिला जन्मभर हेल्मेट घालून स्वयंपाक करायला लावेल, असं त्या म्हणाल्या. पण ही बाई स्वतःहून लिहितेय, तिचा काय दोष? काकांनी चहाचे दोन कप होईपर्यंत ताणलं आणि शेवटी अशी सही केली की कागद फाटता फाटता राहिला. हा वाचला, ते पुटपुटले. म्हणजे कागद.

बुधवारी सकाळी तो तक्ता जपूनरावांच्या टेबलावर आला. एकतीस बाकीचे समितीनं लाजेकाजेस्तव मागे ठेवले होते. सगळ्या कारखान्यात जपूनराव हे एकच असे होते की ज्यांनी तो जसा लिहिला होता तसा वाचला. वीस गुण, तीन सह्या. धावायला कारखान्यात मनाई आहे, तो नियम त्यांनीच केलेला होता, म्हणून ते अत्यंत वेगानं चालत ठसा विभागाकडे निघाले. नेमका त्या दिवशी गणवेश धुऊन आलेला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कागद आणि लाल झालेले कान बघून पॅकिंगच्या बायकांनी पट्टा थांबवला आणि त्या पाठोपाठ निघाल्या.

ठसेबाई चार नंबरवर बसलेल्या होत्या. सुकवायच्या फळ्यांच्या मांडण्यांमागे हळूहळू चाळीसेक माणसं जमली. जपूनरावांनी पेन काढलं. नियमाप्रमाणे तक्ता भरणाऱ्याची तोंडी चौकशी करणं आवश्यक होतं.

“हे तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?”

“अडीच महिने झाले,” ठसेबाई म्हणाल्या.

“रोज?”

“रोज नाही. पण येतंय येतंय असं रोज वाटतं. मग दिवसभर लक्ष लागत नाही.”

मांडणीमागे कोणीतरी सुस्कारा सोडला.

“याआधी सांगितलं होतंत?”

“तीनदा सांगितलं. तुम्ही आलात, समोर दोन तास बसलात, घड्याळ बघितलंत आणि उठून गेलात.”

“माझी चूक झाली,” जपूनराव म्हणाले. “मी आणखी बसायला हवं होतं.”

पॅकिंगच्या एका बाईनं शेजारणीचा दंड इतका घट्ट धरला की तो निळा पडला. गर्दी बघून उत्पादनसाहेब आले. त्यांनाही सगळं कळलेलं होतं आणि अशा वेळी वरिष्ठानं मोठं मन दाखवावं असं त्यांनी ठरवलं होतं. तुम्ही दोघं आज सुट्टी घ्या, ते म्हणाले, कुठेतरी निवांत बसून बोला, चार नंबरवर मी दुसऱ्या कोणाला तरी बसवतो.

“माझ्या जागी कोणालाही बसवायचं नाही,” ठसेबाई म्हणाल्या.

“अहो, बाई, तुमची जागा कोण घेतंय,” उत्पादनसाहेब हसून म्हणाले. मांडणीमागेही हशा पिकला.

“साहेब, यंत्र बंद करायचंय,” जपूनराव म्हणाले आणि त्यांनी तक्ता पुढे धरला. उत्पादनसाहेबांनी तो वाचला. मग परत वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. हे मशीनबद्दल आहे, असं ते शेवटी म्हणाले. त्यात विचारण्याचा सूर होता.

“मग कशाबद्दल असणार?” जपूनरावांनी विचारलं.

मांडणीमागच्या माना एकदम यंत्राकडे वळल्या. उत्पादनसाहेबांचं मोठं मन क्षणात आटोपशीर झालं. वीस हजारांतल्या नऊ हजार वड्या बाकी होत्या. मशीनला काहीही झालेलं नाही, हे सगळे मनाचे खेळ आहेत, ते म्हणाले, आणि हे सिद्ध करायला त्यांनी ठसेबाईंना बाजूला सारलं, पायपट्टी दाबली, गुलाब उमटवला, वडी काढली. बघा. पुन्हा दाबली. बघा. पंधरा-सोळा वेळा बघा झालं. प्रत्येक वेळी ते वडी काढताना मागे वळून गर्दीकडे बघत होते, आणि हात आतच असे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतक्या उत्साहानं करणारा माणूस ठसेबाईंनी पाहिलेला नव्हता. त्यांनी आपला जाड कापडी हातमोजा काढला आणि खालच्या ट्रेमधला साबणाचा चुरा मुठीमुठीनं त्यात भरला. पाचही बोटं फुगली.

सतराव्या वेळी उत्पादनसाहेबांनी हात आत नेला तेव्हा यंत्रात बारीक खट्ट झालं आणि जपूनरावांनी त्यांची बाही धरून ओढली. इतक्या जोरात, की बटण उडालं. त्याच क्षणी ठसेबाईंनी हातमोजा आत सरकवून बोटं मागे घेतली.

ठसा आला. पायपट्टीवर कोणाचाही पाय नव्हता.

नंतर तो वर गेला, जणू काही झालंच नाही. हातमोजा भाकरीएवढा सपाट झाला होता. शिवण उसवून चुरा चहूकडे उडाला होता, आणि तळव्याच्या मधोमध गुलाबाचं फूल उमटलं होतं, पाकळी न् पाकळी स्वच्छ. यंत्रानं काम चोख केलं होतं.

उत्पादनसाहेबांनी उजवा हात खिशात घातला आणि तो आत बोटं मोजत असल्यासारखा खिसा हलत राहिला. मग त्यांनीच जाऊन मुख्य बटण खाली ओढलं. फिटरनं यंत्र उघडलं तेव्हा आतल्या स्प्रिंगचे दोन तुकडे निघाले. त्यातला एक त्यानं ठसेबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा करून बघितला, बोटं मिटली, उघडली, परत मिटली, आणि एकदम त्यांना हसू फुटलं. असं हसू लागलं की इतरांना थोपवता येत नाही. अक्का हसल्या, बॉयलरकाका हसले, हजेरी कारकून मांडणीला धरून खाली बसला, आणि त्या हसण्यातच अक्कांनी जपूनरावांना सांगितलं की साहेब, तुम्ही एकदा फाटकापाशी जाऊन तुमची पाटी वाचून या. नीट. बोट ठेवून.

ते गेले. लांबून दिसत होतं: बोट एकेक अक्षर पुढे जात होतं, फुलापाशी थांबलं, परत मागे आलं. मग त्यांनी हेल्मेट काढलं, जे उघड्यावर ते कधी काढत नसत. परत येईपर्यंत त्यांना रविवारचा अहवाल आठवला होता. ते हेल्मेट हातात धरून बॉयलरकाकांसमोर उभे राहिले. काकांनी खिशातून भाचीची चिठ्ठी काढली. ती सकाळपासून त्यांच्याकडेच होती, पण द्यायची की नाही ते ठरत नव्हतं. तिनं लिहिलं होतं: गिझर बदलला, आभारी आहे. मी आहे तशीच आहे.

राहिल्या नऊ हजार वड्या. स्टोअरमध्ये त्याच मोठ्या गुलाबाचे जुने हाताचे ठसे होते, पितळी, लाकडी मुठीचे, यंत्र येण्याआधीचे. टेबलं ओळीनं लावली, प्रत्येकाला एक ठसा आणि एक लाकडी हातोडी दिली आणि बुधवार दुपारपासून सगळा कारखाना साबण ठोकू लागला. जाळी भिंतीपासून उचलून फिटरनं परत यंत्राला बसवायला घेतली. फडकी कुठे वाळवायची यावरून थोडा वाद झाला. उत्पादनसाहेबही एका टेबलावर बाही दुमडून बसले. कोणाचा गुलाब वाकडा आला की टेबलभर ओरड व्हायची, आणि वाकडा गुलाब साहेबांचा असला की जरा जास्त. तेवढ्यात माणसं येऊन जपूनरावांना खऱ्या जागा सांगू लागली. माळ्यावरची तिसरी पायरी. सुगंधाच्या पिंपाशेजारचा उघडा दिवा. कॉस्टिक सोड्याच्या हौदाची सैल कडी. ते डाव्या हातानं ठोकत होते आणि उजव्या हातानं लिहून घेत होते, जे नियमात बसत नव्हतं.

गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी जपूनरावांनी हातोडी स्वतःच्या अंगठ्यावर मारली.

जखम फार नव्हती, नख काळं पडलं. पण महिन्यातला तो पहिलाच अपघात होता आणि त्याची नोंद केल्याशिवाय ते पट्टीही बांधू देईनात. अंगठा उजवा असल्यामुळे लिहायला कोणीतरी हवं होतं. समोरच्या खुर्चीवर ठसेबाई होत्या. त्यांनी तक्ता ओढून घेतला आणि क्रमानं विचारायला सुरुवात केली. दिनांक झाला, वेळ झाली, अवजार झालं. सहावा रकाना त्यांनी मोठ्यानं वाचला.

“अपघाताच्या वेळी जखमीचे लक्ष कोठे होते?”

हा रकाना जपूनरावांनीच घातलेला होता. तक्त्यात खोटं लिहायचं त्यांनी आजवर टाळलं होतं. एकदा तर स्वतःची सुटलेली नाडी त्यांनी स्वतःच नोंदवली होती. ते अंगठ्याकडे बघत राहिले. टेबलावरच्या हातोड्या एकेक करून थांबल्या.

“समोर,” ते म्हणाले.

ठसेबाईंनी लिहिलं. “समोर काय होतं?”

“त्याला वेगळा रकाना नाही.”

“शेऱ्यात लिहिते. सांगा.”

“बाई होत्या.”

“कोणत्या?”

“ज्या लिहितायत त्या.”

ठसेबाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी त्याच्याच पुढे लिहायला घेतलं आणि मान वर न करता पुढचा रकाना वाचला. “पुन्हा असे घडण्याची शक्यता? पाचपैकी.”

जपूनरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. “पाच,” ते म्हणाले.

“पुन्हा घडू नये म्हणून उपाय?”

“सुचत नाही.”

“मग राहू दे कोरा,” ठसेबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद वळवून त्यांच्यासमोर धरला. जपूनरावांनी डाव्या हातानं सही केली. ती अगदीच वाकडी आली. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, आणि तशीच ठेवली.